चोविसावा फ्लेक्स

पुस्तकात चोवीस फोटो असायचे ठरले होते. तेवीस झाले आणि माझी बायको गेली.

तिच्या वहीत प्रत्येक फोटोसाठी एक चौकोन आखलेला आहे. तेवीस चौकोनांत तिच्या बारीक अक्षरात बरंच काही आहे: गाव, उजेड कुठून होता, चहा कोणाकडे घेतला. चोविसावा रिकामा. त्याखाली पेन्सिलीनं एवढंच लिहिलंय, 'इथं ओळखीतलं घर पाहिजे.'

नागपूरचे प्रकाशक दर पंधरा दिवसांनी फोन करत. "सर, तेविसावरच थांबायचं का? तेवीसही चांगले दिसतील." मी म्हणायचो, थोडं थांबा. तो चौकोन रिकामा ठेवून पुस्तक निघालं तर ते तिचं पुस्तक होणार नाही, एवढं मला पक्कं वाटत होतं. पण मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्या-घेण्याचं काम केलेला माणूस. कॅमेरा चालू कुठून होतो हेही मला धड ठाऊक नव्हतं.

आधी तिचं काम काय होतं ते सांगतो.

दारव्ह्यात ती मुलींच्या एका शाळेत चित्रकलेची बाई होती. तीस वर्षं तिनं मुलींकडून दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि नदीत होडी असं निसर्गचित्र काढून घेतलं. "इथं तसले डोंगर नाहीत, होडी नाही," ती म्हणायची, "परीक्षेत मात्र दोन्ही." निवृत्त झाल्यावर तिच्या बरोबरीच्या बायांनी बांगड्या केल्या. हिनं कॅमेरा घेतला, आणि ठरवलं की आता असेल तेच दाखवायचं.

आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त काय असेल तर फ्लेक्स. चौकात मान वर केली की आभाळ कमी आणि चेहरे जास्त. कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड, कोणाचं आगमन, कोणाचं निधन. आठ-दहा दिवसांनी तो चेहरा उतरतो आणि दुसरा चढतो. उतरलेल्याचं काय होतं, हे चौकातल्या लोकांना माहीत नसतं. खेड्यातल्यांना असतं. फ्लेक्स पाण्यानं भिजत नाही, वाऱ्यानं सहज फाटत नाही आणि ताडपत्रीपेक्षा सहज मिळतो. तो सोयाबीनच्या ढिगावर जातो, बकऱ्यांच्या गोठ्यावर जातो, कूलरवर, ड्रमवर, फुटक्या खिडकीवर जातो. चेहरा उलटा होतो, दुमडतो, कधी एकच कान दिसतो.

तिनं हे दुसरं आयुष्य टिपायला घेतलं. यवतमाळहून मोठे प्रिंट काढून आणायची आणि त्यावर पांढऱ्या शाईच्या पेननं, स्वतःच्या अक्षरात, मजकूर लिहायची. एका फोटोत म्हशीच्या गोठ्यावर एक पुढारी हात जोडून उलटे टांगलेले, बाजूला 'आपल्या सेवेत सदैव तत्पर'. तिनं खाली लिहिलं: 'म्हैस समाधानी.' एका शाळेच्या तुटक्या खिडकीला शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या एका गृहस्थांचा सत्कार लावलेला होता. तिथं लिहिलं: 'एवढा वारा अडवला.' पाण्याच्या एका योजनेच्या उद्घाटनाचा फ्लेक्स ड्रमवर झाकण म्हणून ठेवलेला सापडला. तिथं: 'ड्रम रिकामा, झाकण मोठं.'

मजकूर चार शब्दांच्या वर जायचा नाही, हा तिचा नियम. "पाचवा शब्द आला की समजायचं, भाषण सुरू झालं."

तो मजकूर आधी मी लिहायचो. म्हणजे मी पानभर लिहायचो आणि ती त्यातलं कापायची. मला लिहिण्याचा नाद, तिला कापण्याचा. म्हशीच्या फोटोसाठी मी लोकशाही आणि पशुधन यांवर एक परिच्छेद लिहून दिला होता. तिनं तो उभ्यानं वाचला.

"हे काय आहे?"

"मजकूर."

"हा तं अग्रलेख हाये. म्हशीच्या आंगावर मावन काय?"

एरवी ती माझ्यासारखीच पुस्तकी बोलायची. भांडायला लागली की माहेरची बोली निघायची, आणि मग मी हरलो असं समजायचं. फोटो तिचे, अक्षर तिचं, शब्द आमच्या भांडणाचे.

माझ्याकडे दुसरं काम छत्री धरण्याचं होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून मी तिच्या मागे छत्री घेऊन उभा राहायचो आणि दर वेळी माझी सावली नको तिथं पडायची. "सरका. तुमची सावली मधात येऊन राह्यली." हे वाक्य मी इतकं ऐकलंय की आता घरात दिव्यासमोरून जाताना आपोआप सरकतो.

विसाच्या वर फोटो झाले तेव्हा आम्ही गावातल्या वाचनालयात प्रदर्शन भरवलं. वर्तमानपत्रांच्या स्टँडपासून कपाटापर्यंत नायलॉनची दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो लावले. म्हशीवरचे पुढारी स्वतः आले. सोबत सात-आठ माणसं. त्यांनी चष्मा चढवला, फोटो पाहिला, मजकूर वाचला.

"मॅडम, ही म्हैस कोनाची?"

तिनं गाव सांगितलं.

"तब्येत चांगली हाये. तिच्यापुढं मीच बारीक दिसून राह्यलो."

ते हसले, मग त्यांची माणसं हसली, मग सगळेच. जाताना त्यांनी अभिप्रायाच्या वहीत 'स्तुत्य उपक्रम' असं लिहिलं. मला हायसं वाटलं. ती मात्र घरी येऊन पाय न धुताच पलंगावर बसली.

"हसला तो," ती म्हणाली.

"मग बरंच झालं की."

"काय बरं झालं? रागावला असता तर मला कळलं असतं, की पोचलं."

खरी टीका दुसऱ्या दिवशी आली, आणि ती आमच्यावर आली. बाजाराचा दिवस होता. आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणारी एक बाई, जीपनं अर्ध्या तासावरच्या गावातली, रिकामी टोपली वाचनालयाच्या दारात ठेवून आत आली. नवव्या फोटोतलं खुराडं तिचं होतं. त्यावर सहा तरुण नेते रांगेनं उभे होते, सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे, आणि खाली बायकोनं लिहिलं होतं: 'आतल्या अंडी देतात.' त्या भाजीवालीनं मजकूर सावकाश, एकेक अक्षर लावून वाचला. वाचून ती मोठ्यानं हसली. मग दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे फोटो पाहून परत आली.

"बाई, बाकी सगळं बराबर हाये. पन तुमी याहीचेच तोंडं दाखवले. चौकात बी हेच, इथं बी हेच. ज्याचं घर, तो कोठी हाये?"

बायकोनं खुराड्याच्या फोटोवर बोट ठेवलं. "ह्यातलं तुमच्या ओळखीचं कोणी आहे?"

"नाही बा. बाजारात पडेल होता, आनला. निवडनुकीचा होता म्हनून आनला. निवडनुकीचा जाड राह्यते. वाढदिवसाचा लय पातळ."

"अन् तेरवीचा?"

"तो चांगला. ऊन कमी खाल्लेला असते."

"बरं, ओळखीचं माणूस असतं फ्लेक्सवर, जिवाभावाचं, तर कुठे लावला असता?"

बाईनं विचार केला. "ओळखीच्या मानसाले कोनी कोंबड्यायवर टाकते का? पाहा लागन मंग. जागा पाहा लागन."

याच बोलण्यातून चोविसावा चौकोन निघाला. बायकोला असा एक फ्लेक्स हवा होता, की ज्याच्या घरी तो पोचला त्याला त्यावरचं माणूस हवं होतं. मग तो त्याला कुठे ठेवतो, ते तिला पाहायचं होतं. मी म्हटलं, असं घर मिळणार नाही. फ्लेक्सवर ज्यांची तोंडं असतात आणि ज्यांच्या गोठ्यावर ती जातात, त्यांची कधी गाठच पडत नाही. ती म्हणाली, तेच तर. मिळालं नाही तर चौकोन रिकामा छापू.

भाजीवाली निघाली तेव्हा मी त्या दोघींचा एक फोटो काढला. बायकोनं कॅमेरा माझ्या हातात दिला, बटण दाखवलं, आणि भाजीवालीनं मोकळेपणानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यावर बायको हसली. फोटो तिरपा आला. मी काढलेला तो पहिला फोटो.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही काळी-पिवळी जीपमध्ये बसून गावोगाव फिरलो. कुठेही फ्लेक्स दिसला की ती विचारायची, "हे कोण?" आणि उत्तर यायचं, "कोन जाने." एकदाच एक म्हातारबुवा म्हणाले, "हा? हा आमचा जवाई." तिनं माझा दंड असा धरला की वळ उठला. फ्लेक्स गोवऱ्यांच्या ढिगावर होता, तोंड खाली करून. मी हळूच विचारलं, उलटा कसा काय? म्हातारबुवा शांतपणे म्हणाले, "जवाई हाये म्हनूनच."

तो तेविसावा झाला. ओळख होती, पण चोविसाव्याला लागणारी नव्हती.

पौषात ती आजारी पडली आणि पौषातच गेली. या परिच्छेदातले तिनं चारच शब्द ठेवले असते, म्हणून मीही पुढे लिहीत नाही.

तेरवीच्या आधी पुतण्या आला. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याला नगरपालिकेत उभं राहायचं आहे आणि स्वभावानं तो वाईट नाही.

"मोठेबाबा, चौकात फ्लेक्स लावा लागन."

"तिला चाललं नसतं."

"मोठ्याईनं आयुष्यभर फ्लेक्सचेच फोटो काढले, अन् तिचाच नाही लावला तं लोकं काय म्हनतीन?"

फोटो शोधायला बसलो तर घरात हजारो फोटो आणि तिचा एक नाही. कॅमेरा जिच्या हातात, ती फोटोत कशी येणार? लग्नातला एक होता, त्यात ती ओळखू येत नव्हती. शेवटी मी काढलेला तो तिरपाच निघाला.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवाल्यानं मोबाईलवर नमुना पाठवला. मी चष्मा लावून तो दोनदा वाचला. त्यात तिला पाच विशेषणं लावलेली होती. मी चार काढायला सांगितली, एक ठेवलं आणि 'ठीक आहे' असं कळवलं. आयुष्यभर छापील पानं पाहिलेल्या माणसाची ही खोड. मजकूर असला की बाजूचं चित्र मला दिसतच नाही. मी फोटोकडे पाहिलंच नाही.

सकाळी चौकात गेलो तर ती बारा फूट उंचावर हसत होती, आणि तिच्या डाव्या खांद्यावर एक हात होता. मनगटाच्या जरा वरपर्यंत. हिरव्या बांगड्या, एक जुना भाजल्याचा डाग, आणि त्याच्या मागे फिकट निळे ढग. भाजीवाली कापली होती, हात राहिला होता.

खाली 'शोकाकुल' म्हणून सात पुरुषांचे गोल फोटो. मी होतो पहिला, कॉलेजच्या ओळखपत्रावरून घेतलेला. मध्यभागी पुतण्या, कानाला फोन. एवढ्या दुःखातही तो कोणाशी तरी बोलत होता.

चहाच्या टपरीवर चर्चा चालली होती.

"हात कोनाचा हाये?"

"देवीचा असन. सवाशीन गेली ना."

"देवीच्या हाताले भाजल्याचा डाग राह्यते का बे?"

"सयपाक तं तिलेही करा लागत असन."

मी तिथंच उभा राहून हसलो. ती गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसत होतो, आणि सवयीनं वळून बाजूला पाहिलं, कारण हा फोटो काढलाच पाहिजे होता. फ्लेक्सवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "सर, हात काढला असता, पन त्याच्याखाली मॅडमचं पातळ कसं होतं ते कोनाले मालूम?" हे मला पटलं. जे नाही ते त्यानं काढलं नाही, एवढा तो तिच्या विद्यार्थिनींपेक्षा बरा.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी बाजार होता. पुतण्यानं दोन माणसं लावून फ्लेक्स उतरवला. त्याचं म्हणणं, घडी करून ठेवू, वर्षश्राद्धाला तारखेवर पट्टी चिकटवली की काम भागतं. माझं म्हणणं, मला दे. कपाटावर ठेवीन, पलंगाखाली ठेवीन, कुठेही ठेवीन. आम्ही दोघं त्यावर बोलत असताना ती भाजीवाली आली. टोपली खाली ठेवली. फ्लेक्स रस्त्यावर आडवा पसरलेला होता. ती त्याच्याभोवती एक फेरी मारून आली आणि वाकून दोन बोटांत कड धरून पाहिली.

"सर, हा मले द्या."

"काहून?" पुतण्या म्हणाला. "तुमचा काय संबंध?"

"हात माहा हाये."

तिनं पदर सारून हात पुढे केला. तोच डाग.

पुतण्या गडबडला. "हाताचा कोठी हक्क राह्यते का, काकू?"

"तुमचं तोंड हाये म्हनून तुमचा, तं माहा हात हाये. तोंड पाह्यजे असन तं कापून देते."

टपरीवरचे लोक उठून जवळ आले होते. पुतण्याला पुढे मतं मागायची आहेत. तो माझ्याकडे पाहू लागला. आता ठरवायचं मला होतं.

"कशाला पाहिजे तुम्हाला?" मी विचारलं.

"लागते घरी."

आणि माझ्या डोळ्यांसमोर खुराडं आलं. आत कोंबड्या, वर ती. म्हैस आली, गोवऱ्या आल्या. तेवीस वेळा मी अशा चेहऱ्यांवर हसलो होतो, कागदभर हसलो होतो. त्यांतल्या कोणाच्या घरच्यांना आम्ही कधी विचारलं नव्हतं. आता माझी पाळी होती. मी चष्मा पुसला. परत पुसला. तिकडे काळी-पिवळीवाला गावाचं नाव घेऊन ओरडत होता आणि भाजीवाली त्याला हातानं 'थांब' म्हणत माझ्याकडे पाहत होती.

ओळखीच्या माणसासाठी जागा पाहावी लागेल, असं हीच बाई म्हणाली होती. मी खाली वाकून एक टोक उचललं. तिनं दुसरं. एवढ्या मोठ्या फ्लेक्सची घडी एकट्याला होत नाही. चादरीसारखं दोघांनी टोकं धरून एकमेकांकडे चालत यावं लागतं. आम्ही चार वेळा चालत आलो. तिसऱ्या वेळी बायकोचं हसू घडीच्या आत गेलं. चौथ्या वेळी मी माझं टोक तिच्या हातात दिलं.

"पाहाले या," ती म्हणाली, आणि घडी काखेत मारून जीपमध्ये बसली.

लगेच गेलो नाही. खरं सांगायचं तर भ्यायलो होतो. ती दर बाजाराला दिसायची, मेथी द्यायची, वर मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकायची, फ्लेक्सबद्दल अवाक्षर नाही. मीही विचारत नव्हतो. प्रकाशकांचा फोन आला की थोडं थांबा म्हणायचो. फाल्गुनात त्यांनी सांगितलं की आता छापखाना थांबणार नाही. मग मी कॅमेरा गळ्यात अडकवला, छत्री घेतली, कारण ती नेहमीच माझ्याकडे असायची, आणि काळी-पिवळीत बसलो.

तिच्या अंगणात शिरलो आणि नमस्कार करायच्या आधी खुराड्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्यांचे सहा तरुण जागेवर होते, उन्हानं चेहरे विटलेले, चष्मे मात्र काळेच. बकऱ्यांच्या गोठ्यावर टिनं. तुरीच्या काड्यांवर काही नाही. मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. म्हणजे विकला की काय?

भाजीवाली बाहेर आली. माझी नजर कुठे कुठे फिरून आली ते तिनं पाहिलं होतं.

"तिकडं नाही. मांगं हाये."

घरामागे चार बांबू रोवून न्हाणी केली होती. त्याला चहूबाजूंनी फ्लेक्स गुंडाळला होता. पण बाहेरून तो कोरा, पांढराशुभ्र. वर एक ओलं लुगडं टाकलेलं. मी पुढे पाऊल टाकलं.

"थांबा, सर. सून आंघोळ करून राह्यली."

मी दोन पावलं मागे आलो. खाटेवर बसलो. चहा आला. आतून पाण्याचा आवाज येत होता.

"तोंड आत केलं बाईचं," ती म्हणाली. "बाहेर लावलं असतं तं येनारे-जानारे पाह्यते. आत आमी बायाच असतो. आधी इथं साडी बांधेल होती, वाऱ्यानं उडे. आता बरं हाये."

"आणि खालचे?"

"ते सात मानसं? कापले. न्हानीत मानसं कायले?" माझ्या लक्षात आलं की त्या सातांत मीही होतो. तिच्याही लक्षात आलं असावं, कारण ती पदराआड हसली. "वाया नाही जाऊ देले. खुराड्याच्या मांगून लावले."

मी उठून पाहिलं. खुराड्याच्या मागच्या बाजूला आम्ही सातही होतो, आडवे. पुतण्या फोनवर होता. एक कोंबडी त्याच्या कानाशी मान वाकडी करून उभी होती, जणू पलीकडचं बोलणं ऐकत होती. मी माझ्याकडे पाहिलं. ओळखपत्रावर मी जितका गंभीर होतो तितकाच इथंही होतो.

"लावतानी बाईले मी म्हन्लं," ती सांगत होती, "तुमी माहं खुराडं मले न इचारता काढलं, मी तुमाले न इचारता न्हानीत लावलं. फिटंफाट झाली."

"तिनं विचारलं नव्हतं?"

"नाही. मागून सांगतलं. मागून सांगाले काय लागते?"

हे मला माहीत नव्हतं. चहा संपेपर्यंत मी त्यावर विचार करत बसलो. सून केस पुसत बाहेर आली, आम्हाला पाहून लगबगीनं घरात गेली. भाजीवालीनं न्हाणीचा पडदा जरासा बाजूला केला.

"जा. पाहून घ्या. पन आतला फोटो काढू नका. ती आमची जागा हाये."

मी आत डोकावलो. ती होती. तिरपी, हसरी, कपाळावरून पाण्याचा एक ओघळ खाली येत होता. एका कोपऱ्यात तारेला साबणाची डबी अडकवलेली. खांद्यावर तो हात तसाच. त्याला कात्री लागली नव्हती. तीस वर्षं मुलींच्या शाळेत आणि आता बायांच्या न्हाणीत. मग भाजीवाली खाकरली आणि मी बाहेर आलो.

म्हणजे काढायचा तो फोटो बाहेरूनच. पांढरा फ्लेक्स, ओलं लुगडं, खाली वाहून आलेलं पाणी आणि त्या पाण्यावर वाढलेला अळू. मी कॅमेरा चालू करायला बराच वेळ घेतला. सूर्य नेमका माझ्या पाठीशी. बटण दाबल्यावर पडद्यावर पाहिलं तर फ्लेक्सच्या मधोमध माझी सावली, छत्रीसकट. सरकलो. दुसरा काढला, त्यात माझा अंगठा. तिसरा हलला. चौथ्याला बॅटरी गेली.

निघताना मी विचारलं, "त्या सातांना कापलं, त्याबद्दल गावात कोणी काही म्हटलं?"

"काय म्हनतीन? मानसं कापले, बाई ठेवली. जो जिथं लागते तिथं ठेवला."

यवतमाळहून पहिल्याच फोटोचा प्रिंट काढून आणला, सावलीवाल्याचा. दुसरा इलाज नव्हता. मजकुरासाठी चार दिवस बसलो. पहिल्या दिवशी पान भरलं. दुसऱ्या दिवशी अर्धं. मी तिच्यासारखं कापायला शिकत होतो, पण कापलं की उरायचं ते नेमकं विशेषण. चौथ्या दिवशी सगळे कागद बाजूला केले आणि भाजीवालीचेच चार शब्द घेतले. ते पुस्तकी मराठीत आणायचा मोह झाला. पेन्सिलीनं लिहूनही पाहिलं, मग खोडलं. ती बोलली तसेच ठेवले.

पांढऱ्या शाईचं पेन उघडलं तेव्हा खरी अडचण कळली. फोटोत सगळीकडे पांढरं. त्या शाईचं अक्षर दिसेल अशी काळी जागा एकच होती, मधोमध पडलेली माझी सावली. मी तिथं लिहिलं: 'मानसं कापले, बाई ठेवली.' अक्षर तिच्याइतकं चांगलं नाही, पण सावलीच्या आत मावलं. इतक्या वर्षांत माझी सावली पहिल्यांदा उपयोगी पडली.

बाजाराच्या दिवशी प्रिंट घेऊन गेलो. भाजीवालीनं ओले हात पुसले, मेथीच्या जुड्या बाजूला सारल्या आणि सावकाश वाचलं.

"हे तं मी बोलली होती."

"हो. तुमचेच शब्द आहेत. घेऊ का पुस्तकात? या वेळी आधी विचारतोय."

"घ्या ना." तिनं प्रिंटची कड दोन बोटांत धरून पाहिली. "कागद जाड हाये. मंग माहं नाव कोठी हाये?"

मी म्हटलं, फोटोवर चारच शब्द लिहायचे असा बाईंचा नियम होता.

"बाईचा नियम बाईपाशी. सगळ्याइचे नावं चौकात राह्यते. मी बोलली तं माहं नको?"

मी पेन सोबत आणलंच होतं. भाजीच्या तागडीशेजारी पोतं अंथरून त्यावर प्रिंट ठेवला आणि तिनं सांगितलं तसं, तिच्या चार शब्दांखाली, पाचवा शब्द म्हणून तिचं नाव लिहिलं. सावलीच्या पायाशी थोडी जागा उरली होती, तिथं ते बसलं. शाई वाळेपर्यंत तिनं गिऱ्हाइकांना हातानं लांब ठेवलं.

प्रकाशकांना फोटो आवडला. फक्त ती सावली कापून टाकू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको, एकदा कापताना एक हात राहून गेला होता. त्यांना काही कळलं नाही, पण सावली राहिली. चौकोन भरला. वहीत मी त्या पेन्सिलीच्या ओळीखाली गावाचं नाव लिहिलं, उजेड पाठीमागून होता असं लिहिलं, आणि चहा कोणाकडे घेतला तेही.

पाचवा शब्द इथं लिहीत नाही. तो पुस्तकात आहे.